दारासमोरची जागा

मंगळवार, ७ जानेवारी. सकाळी ९.४०. गाडीत.

नवी वही. लढ्याची नोंद राहिली पाहिजे.

परवापासून मॅनहॅटनमध्ये साठाव्या रस्त्याच्या खाली गाडी नेली की नऊ डॉलर टोल. छत्तीस वर्षं मी त्या बेटावरचे बॉयलर दुरुस्त केले. हिवाळ्यात अर्धं बेट माझ्या जिवावर गरम राहिलं. आणि आता आत शिरायला माझ्याकडेच पैसे मागतात.

निश्चय : एक सेंटही देणार नाही.

अडचण एकच. देस्पिना, म्हणजे माझी मुलगी, तेविसाव्या रस्त्यावर राहते. म्हणजे खाली. तिच्याकडे माझी नात. साडेतीन महिन्यांची. बाप्तिस्मा ईस्टरनंतर, तोवर नाव नाही, आम्हा ग्रीकांत तोवर सगळ्याच मुली बेबा. दर रविवारी येईन असं मी देस्पिनाला सांगून ठेवलंय. येणारच. योजना : एकसष्टाव्या रस्त्यावर गाडी फुकट लावायची आणि पुढे चालत. अडतीस चौक. डॉक्टरने चालायला सांगितलंच आहे.

मारूला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, दारावरून बस जाते. मी म्हटलं, बस ज्यांच्याकडे माझ्यासारखी ब्यूक गाडी नाही त्यांच्यासाठी असते. छत्तीस वर्षांच्या संसारात बायकोला ब्यूक कळली नाही.

शुक्रवार, १० जानेवारी. ११.०५.

आज नशीब उघडलं. मंगळवार-शुक्रवार साडेनऊ ते अकरा आमची बाजू झाडायला रिकामी करावी लागते. सगळ्यांनी गाड्या समोरच्या बाजूला, उभ्या रांगेला चिकटून दुसरी रांग करून लावायच्या, आत बसून राहायचं, आणि झाडूचा ट्रक गेला रे गेला की झेप घ्यायची. आज झेप अशी बसली की थेट माझ्या दारासमोरची जागा. रामिरोची व्हॅन दोन हात मागे राहिली. रामिरो शेजारच्या घरात राहतो, फरशा बसवतो, आणि या जागेवर त्याचा वर्षानुवर्षं डोळा आहे.

रविवार, १२ जानेवारी.

निघायचं ठरलं होतं. किल्ली हातात. खिडकीतून पाहिलं तर रामिरो व्हॅन पुसत होता. रविवारी सकाळी व्हॅन कोण पुसतं? मी हललो की तो आत. बसून राहिलो.

मारूला बसने गेली. पुढच्या रविवारी नक्की.

रविवार, १९ जानेवारी.

बर्फ. गाडीला बर्फात नेणं योग्य नाही. मारूला गेली. आली तेव्हा सांगत होती, बेबा आता हसते. मी म्हटलं, गॅस असेल.

रविवार, २६ जानेवारी.

कारण आठवत नाही, पण होतं.

शनिवार, १ फेब्रुवारी. बेबाची भेट माझ्या लढ्यात अडकू नये म्हणून आज धाडस केलं. रामिरो कामावर गेल्याची खात्री करून निघालो. टोल चुकवायचा तर मॅनहॅटनकडे नेणाऱ्या पुलावर डाव्या रांगेत राहायला हवं होतं. मागचा हॉर्न वाजवत होता, गोंधळात चुकीच्या उतारावर गेलो, आणि समोर कॅमेरा. आत. नऊ डॉलर.

आता आत आलोच आहे तर देस्पिनाकडे जावं असा विचार मनात आला. पण तिथे गाडी लावायला जागा शोधणार कधी, आणि इकडे दारासमोरची जागा रिकामी. वळलो आणि परत आलो. चौदा मिनिटं होतो मॅनहॅटनमध्ये. पुलावरून देस्पिनाला फोन केला, म्हटलं तुझ्या घराच्या अगदी जवळून गेलो. तिने फोन ठेवला.

जागा शाबूत होती. देव आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. ९.५०. गाडीत.

संकटावर संकट. नवा प्रस्ताव आलाय : टोल वाढवायचा, त्या पैशात बस दुप्पट करायच्या आणि त्याही फुकट. शिवाय आमच्या रस्त्यावर बससाठी वेगळी पट्टी आखायची. कुठे? आमच्या बाजूला. म्हणजे माझ्या जागेवरून.

मारूला म्हणाली, फुकट बस म्हणजे मला आठवड्यातून तीनदा जाता येईल. तिला मोठं चित्र दिसतच नाही.

जाहीर सुनावणी २५ मार्चला, अकरा वाजता, पस्तिसाव्या रस्त्यावरच्या एका सभागृहात. माणशी दोन मिनिटं. नाव नोंदवलं. पंचवीस मार्च, आमचा स्वातंत्र्यदिन. तेव्हा तुर्कांविरुद्ध, आता टोलविरुद्ध. बाकी साऱ्या जगाच्या सणांना झाडूला सुट्टी मिळते, पंचवीस मार्चला मात्र नाही.

भाषण लिहायला घेतलं. मुख्य मुद्दा : ही बस रिकामी धावते, लोकांना नकोच आहे. पुरावा लागेल. गाडीत बसून रोज मोजणार.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. मोजणी.

९.३६ची बस : एकेचाळीस माणसं. शाळेमुळे असेल.

९.५८ची : अठ्ठेचाळीस. थंडीमुळे.

१०.०४ची : उशिरा धावणारी दुसरी बस. खच्चून भरलेली, थांबलीच नाही. स्टॉपवरचे लोक हात हलवत राहिले. न थांबलेली बस मोजत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी.

१०.१५ची : बावन्न. त्यात मारूला होती, हातात पालकाच्या पाईचं झाकलेलं ताट आणि बेबासाठी विणलेली टोपी. उभी होती. माझ्याकडे पाहिलं नाही. घरची माणसं मोजायची नाहीत असं ठरवलं. एकावन्न.

रोज संध्याकाळी देस्पिना फोनवर बेबाचं तोंड दाखवते. मी जीभ काढतो, ती खदखदते. एवढी ओळख पुरेशी आहे. आज मात्र देस्पिना म्हणाली, “बाबा, तिला वाटतं तू फोनमध्येच राहतोस.”

मी म्हटलं, सुनावणी होऊ दे, मग येतो. ती म्हणाली, “मी एप्रिलमध्ये कामावर जाणार. पाळणाघर नको, तू आणि आई सांभाळाल असं मी धरून चालले होते. आईच्या एकटीच्या गुडघ्यांना नाही झेपणार. तू येणार की नाही ते सांग, म्हणजे पाळणाघरात नाव घालायला बरं.”

छातीत काहीतरी हललं. कॉफी जास्त झाली होती.

शुक्रवार, ७ मार्च. गाडीत.

चळवळ वाढवायची म्हणून रांगेतल्या सगळ्यांच्या सह्या घ्यायला गेलो. चार मिळाल्या. रामिरोने कागद वाचला आणि परत दिला.

“बॉस, तुमची ही गाडी चालते तरी का? दोन महिन्यांत मी तिला फक्त रस्ता ओलांडताना पाहिलंय.”

जळतो. त्याच्याकडे दुर्लक्ष. गाडी सुरू व्हायला आज जरा वेळ लागला. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद ठेवून रेडिओ ऐकतो, त्याचा परिणाम नसावा.

रविवार, १६ मार्च. भाषण चौदा मिनिटांचं झालंय. एकही वाक्य वगळण्यासारखं नाही. वेगाने बोलणार.

मंगळवार, २५ मार्च. ९.३५.

आजचा दिवस. कोट, टाय, कोटावर छोटा निळा-पांढरा झेंडा.

गाडीने जाणार नाही. टोल भरून टोलविरुद्ध बोलणं शोभत नाही. बसने जातो, शत्रूचा तळ आतून पाहिला पाहिजे. मारूलाही येतेय, देस्पिनाकडे, सणाचा तळलेला कॉड मासा आणि लसणाची चटणी घेऊन. लसणाचा वास बसभर जाईल. तिला सांगून उपयोग नाही.

आजही झाडायचा दिवस. साडेनऊला ब्यूक समोरच्या बाजूला दुसऱ्या रांगेत लावली. तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झाली. आत बसायला मी नसणार, म्हणून सगळे ठेवतात तशी काचेवर चिठ्ठी ठेवली : अडचण झाल्यास फोन करा, आणि नंबर.

त्याच दिवशी, १.२०. सभागृहाच्या पायऱ्यांवर.

जसं घडलं तसं लिहितो.

वरच्या चौकातून बस पकडली. आमच्या घरासमोर येऊन अडकली. समोरून कचऱ्याचा ट्रक, बाजूला दुसऱ्या रांगेतल्या गाड्या. ड्रायव्हर बाईंनी हॉर्न दिला तसे गाड्यांत बसलेले सगळे पुढे-मागे झाले. एक सोडून. ब्यूकमध्ये कोणी नव्हतं.

पाच मिनिटं. दहा. मागे आणखी दोन बस आल्या. लोक ब्यूकच्या मालकाला नावं ठेवायला लागले. एका बाईची डायलिसिसची वेळ होती. गप्प बसलो तर संशय येईल म्हणून मीही म्हटलं, अशा लोकांना चाबकाने फोडलं पाहिजे. मारूला खिडकीबाहेर पाहत होती.

मग एक तरुण उतरला, काचेवरची चिठ्ठी वाचली आणि नंबर लावला.

माझ्या खिशात फोन वाजला.

मी उचलला नाही. वाजत राहिला. अख्खी बस माझ्याकडे वळली. मारूला, कोणालाच उद्देशून नाही अशा सुरात, म्हणाली, “घे ना. महत्त्वाचं असेल.”

उतरलो. किल्ली फिरवली. ब्यूकने हूं की चूं केलं नाही. तो तरुण, एक नर्स आणि व्हॅनमधून उतरलेला रामिरो, तिघांनी ढकलली. मी स्टिअरिंगवर. रामिरोने हात पुसले आणि व्हॅनकडे गेला. मी परत बसमध्ये चढलो. डायलिसिसच्या बाईंनी मला बसायला जागा दिली. ती का दिली कळत नाही. मी उभाच राहिलो.

सभागृहात पोचलो तेव्हा माझा नंबर पुकारून झाला होता. विनंती केल्यावर शेवटी घेतलं. उशीर का झाला ते आधी सांगावं म्हणून सुरुवात केली : रस्त्यात गाड्या आडव्या लावतात, बस तासभर अडकते, आजारी माणसं आत ताटकळतात, बसला स्वतःची वाट असती तर मी वेळेवर आलो असतो. आता मुख्य मुद्द्याकडे वळणार, तोच घंटा. दोन मिनिटं संपली.

टाळ्या पडल्या. टेबलावरच्या बाईंनी माझ्या नावापुढे ‘बाजूने’ असं लिहिलं. मी दुरुस्त करायला गेलो. त्या म्हणाल्या, आजोबा, आज सगळ्यात छान तुम्हीच बोललात.

दुरुस्ती राहिली.

बुधवार, २६ मार्च. सकाळी ९.४०. बसच्या स्टॉपवर.

कालचं पुढचं. सभागृहातून बसने तेविसाव्या रस्त्यावर गेलो. देस्पिनाने दार उघडलं, कडेवर बेबा. माझ्या फोनपेक्षा कितीतरी मोठी आहे ती. मी जीभ काढली. ती माझ्याकडे बघत राहिली, ओठ वाकडा झाला, आणि मग जे रडायला लागली की थांबेना. आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. मी हात पुढे केला की आणखी मोठ्याने. मारूलाकडे मात्र झेपावली.

शेवटी देस्पिनानेच युक्ती काढली. मला स्वयंपाकघरात पाठवलं, दार लावलं, आणि तिथून फोन करायला सांगितलं. केला. पडद्यावर बेबा आली. मला पाहिलं आणि खदखदून हसली. दोन्ही हात माझ्याकडे केले. तेच हसणं मला दाराच्या फटीतूनही ऐकू येत होतं, फोनच्या जरा आधी.

मी फोन ठेवला तशी ती पलीकडे रडली. या वेळी मी गेलो म्हणून. मग पुन्हा लावला. फोन बंद पडेपर्यंत स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून जीभ काढत होतो. मला फार वाईट वाटलं. ते कॉफीमुळे नव्हतं.

देस्पिनाने पाळणाघराचा फॉर्म फ्रिजवर लावलाय. अजून भरलेला नाही. शुक्रवारपर्यंत मुदत आहे.

ब्यूकची बॅटरी मेली. रामिरोने गाडी ढकलून त्याच्या मित्राच्या गॅरेजात नेली. दारासमोर आता व्हॅन आहे. पाहिलं, पण थांबलो नाही.

आज तिकडे जायचं कारण वेगळंच आहे. फोनचा चार्जर तिथे राहिला.

९.५८. बस आली. खच्चून भरलेली. मी हात केला. थांबली नाही.

पंचावन्न तरी असतील, मला सोडून.