लेकीची मैफल आपल्याच टीव्हीवर

अगं,

सकाळी तणतणत गेलीस, पण आता बहिणीकडे टीव्ही बघायला जाऊ नकोस. लेकीची पहिली मैफल घरीच दिसणार! टीव्हीला जोडलेल्या प्लेअरला नेट मिळत नव्हतं, कारण वायरच्या टोकाची प्लास्टिकची खिट्टी तुटलीय, म्हणून ती सैल बसायची. मी पुस्तकातली खुणेची कागदी पट्टी दुमडून फटीत खोचली, आणि हिरवा दिवा लागला! "तुमच्याच्यानं बल्बसुद्धा बदलत नाही," म्हणतेस ना? ये आणि बघ.

तरी माझ्या कामाचा मलाच भरवसा नाही, म्हणून नवी वायर आणायला निघालोय. तोवर टीव्हीमागे झाडू घालू नकोस. मला उशीर झाला तर थांबू नकोस. तिनं व्हायोलिन हातात घेतलं की फोन लाव, मी रस्त्यात उभा राहून ऐकेन.