छताचं काम झालं की सांगणार

३ तारीख, शनिवार
आजपासून रोजनिशी. माणसाला शिस्त हवी.
गाडीला आज महिना झाला. सेकंड हँड, पण लाल, स्पोर्ट्स, दोन सीटची, सरकत्या काचेच्या छताची. घेताना बायको म्हणाली होती, तीन महिन्यांत पस्तावाल. एक महिना तर निघाला.
नर्सरीतून रबराचं उंच झाड आणलं. गाडीत मावेना, म्हणून छत उघडून शेंडा बाहेर काढला. रस्त्याने लोक वळून बघत होते. पार्किंगमध्ये आल्यावर सवयीने छत मिटायचं बटण दाबलं. झाड अजून आतच होतं. कर्रर्र. छत अर्ध्यावर अडकलं. झाड ओढून काढलं, वर नेऊन ठेवलं. तासाभराचं काम आहे.

३ तारीख, संध्याकाळ
थोडी अडचण झाली. मी वर पाना शोधत होतो, तेवढ्यात सासरे गाडीत जाऊन बसले. रोज पाचला बसतात. छत उघडतात, आभाळ बघतात, मिटतात. वय अठ्ठ्याहत्तर. हौस.
पाना घेऊन मी हिच्या मागोमाग खाली पोचलो, तेव्हा बाबांचं बोट बटणावर आणि छत अर्ध्यावर. ही ओरडली, बाबा, काय करून ठेवलंत! बाबांनी आधी बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सांगणारच होतो. खोकला आला.
उद्या छत नीट करून मगच सांगतो. नुसतं सांगून काय उपयोग?

४ तारीख, रविवार
व्हिडिओ बघितला. एक टक्कलवाले गृहस्थ दहा मिनिटांत छताची मोटर काढून परत बसवतात. मीही नऊ स्क्रू काढले. डब्यात अकरा निघाले. जास्तीचे आहेत, म्हणजे कमी पडायचा प्रश्न नाही.
बाबांनी रबराच्या मोडक्या शेंड्याला काडी लावून चिंधी बांधली. मी म्हणालो, नर्सरीवाले हल्ली कसलाही माल गळ्यात मारतात. बाबा नुसतं हं म्हणाले.

६ तारीख, मंगळवार
हिने बाबांना गॅसला हात लावायची बंदी केली. म्हणते, साधं बटण कळत नाही, उद्या घर पेटवतील. सकाळचा चहा इतकी वर्षं बाबाच करतात, सगळ्यांचा. आज सहा वाजता टेबलाशी रिकामा कप घेऊन बसले होते. बघवेना. हिने केलेला चहा घशाखाली उतरला नाही. दुसरा कप कसाबसा घेतला.
ठरलं. आजच सांगायचं.

६ तारीख, दुपार
ती कामात होती.

७ तारीख
शिलाई मशीनचं तेल छताच्या रुळांत सोडलं. छत ढिम्म. तेल सीटवर उतरलं, सीटवरून माझ्या पँटवर, पँटवरून साहेबांच्या केबिनमधल्या सोफ्यावर. गप्प बसलो. हल्ली जमतं.

९ तारीख, शुक्रवार
पाऊस. गाडीत छत्री उघडून ऑफिसला गेलो. सिग्नलला बसमधून लोक फोटो काढत होते.
घरी आलो तर बाबा ओल्या सीट पुसत बसलेले. म्हणाले, माझ्या एका बोटाने केवढा व्याप झाला, नाही? आणि मी काय म्हणालो? मनाला लावून घेऊ नका.
नालायक आहे मी. इथे कोणी वाचणार नाही म्हणून स्पष्ट लिहितो.
उद्या सकाळी, चहाच्या वेळी. नक्की.

१० तारीख
चहाच्या वेळी तोंडात बिस्किट होतं.

१२ तारीख, सोमवार
प्रकरण हाताबाहेर चाललंय. हिने बाबांकडून घराची किल्ली काढून घेतली आणि स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली.
म्हणजे शुक्रवारपर्यंत छत झालंच पाहिजे. हातोडी वापरली, हलक्या हाताने. आता मोटरचा तो कर्कश आवाज पूर्ण थांबलाय. सुधारणा आहे.

१६ तारीख, शुक्रवार
हिने परस्पर मेकॅनिकला बोलावलं. त्याने पाच मिनिटांत चिमट्याने रुळातून वाळलेला देठ आणि रबराचं अर्धं पान काढलं आणि बॉनेटवर ठेवलं. म्हणाला, एवढंच अडकलं होतं. पुढचा सव्वा तास मी केलेली दुरुस्ती सोडवण्यात गेला.
ही पानाकडे बघत राहिली. बाबा घाईने म्हणाले, अगं, मीच झाड घेऊन गाडीत बसलो होतो.
जिना चढताना कठडा धरणारा माणूस, माझ्याहून उंच झाड घेऊन! माझ्यासाठी खोटं बोलत होते. हीच ती वेळ. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, जाऊ द्या बाबा, होतं असं कधीकधी.
मी त्यांना माफ केलं! मी!

१६ तारीख, संध्याकाळी साडेपाच
बाबांना आग्रहाने गाडीत बसवलं. म्हटलं, दाबा बटण. त्यांनी हात मांडीवरच ठेवले. म्हणाले, तुम्हीच दाबा जावईबापू. पुन्हा काही अडकलं तर बोट कुणाचं होतं ते लक्षात राहील.
शेंड्याला चिंधी त्यांनी दुसऱ्याच दिवशी बांधली होती. त्यांना तेव्हापासून माहीत होतं. हे माझ्या डोक्यात आज शिरलं. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.
तडक वर गेलो आणि हिला सगळं सांगितलं. दोन मिनिटं लागली. ती फोन घेऊन आत गेली.

१७ तारीख, शनिवार
सहा वाजता बाबांनी चहा केला. किल्ली त्यांच्या खिशात. माझ्यापुढे कप ठेवून खांद्यावर थोपटलं. ते जास्त लागलं.
डॉक्टरांची वेळ हिने रद्द केलेली नाही. फक्त पेशंटचं नाव बदललंय. गाडीत दोनच सीट. छत उघडं टाकून ही आणि बाबा आत्ताच पुढे गेले.
मला बसने यायला सांगितलंय.