चार गळ्यांचं गाणं

बडोदे, ता. ३ सप्टेंबर १९३८

ती. गं. भा. रंजनाताईस,

मगनचा शि. सा. नमस्कार. वि. वि. खोकला गेला, दादांना काळजी नको म्हणावं.

एक विचित्र गोष्ट झाली आहे, ती तुलाच सांगवते. इथल्या एका फ्रेंच प्रोफेसरांकडे ग्रामोफोनवर त्यांच्या चर्चमधलं पाचशे वर्षांपूर्वीचं गाणं ऐकलं. तंबोरा नाही, ठेका नाही, नुसते चार गळे. एकाची ओळ पुरी व्हायच्या आत दुसरा तीच उचलतो, मग तिसरा, आणि खाली एक जण एकच सूर लांबवत बसलेला. मी समेची वाट पाहत राहिलो, ती आलीच नाही. आधी वाटलं, अक्कलकुव्याचा बाजार भरलाय. पुन्हा लावायला सांगून एकाच आवाजाच्या मागे गेलो, तेव्हा कळलं की इथे कुणीच कुणाला गप्प करत नाही. डोळ्यांना पाणी आलं.

तुझ्या लग्नाआधी तू जात्यावर ओवी म्हणायचीस आणि मी शेजारी पलटे घोटायचो, ते आठवलं. आता रियाजाला बसलो की माझ्या सुराशेजारी तुझा आवाज ऐकू येतो आणि मी ढळतो. गुरुजी म्हणाले, कान बाटला; पुन्हा तिकडे जाणार नाही अशी शपथ घे, तरच शिकवीन. मला शपथ घेववत नाही. ताई, तू इथे ये. दोघं मिळून गाऊ. दादांना विचार.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
मगन

प्रकाशा, ता. ९ सप्टेंबर

चि. मगन यास अनेक आशीर्वाद.

इकडे क्षेम. तापीचा पूर उतरला. कान बाटला हे वाचून आधी हसले, मग चिडले. कुणी कुणाला गप्प करत नाही, हे ऐकायला तुला फिरंग्याच्या घरी जावं लागलं? तुझे मेहुणे गेले, मी माहेरी आले, तेव्हापासून विधवेच्या तोंडी गाणं शोभत नाही म्हणून मी ओवीसुद्धा मनातल्या मनात म्हणते. तू सुट्टीत येऊन जेवून जायचास, तुला ते कधी दिसलं नाही.

तरी दादांना विचारलं. हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, पोरी, भावाकडे राहायला गेलीस तर कोण काय म्हणणार, जा. मगन, मला अजून खरं वाटत नाही.

माया आहेच, ती वाढवावी.
रंजना

बडोदे, ता. १३ सप्टेंबर

ती. गं. भा. ताईस सा. न. वि. वि.

तू रागावलीस ते बरोबर आहे. खोली पाहिली, नळ जवळ आहे. प्रोफेसर हवी तितक्या वेळा रेकॉर्ड लावून देणार आहेत. शपथ घेणार नाही असं गुरुजींना या आठवड्यात सांगून टाकतो. गाडी कळव, स्टेशनवर येतो.

तुझा,
मगन

प्रकाशा, ता. १७ सप्टेंबर

चि. मगन यास अनेक आशीर्वाद.

गुरुजींना काही सांगू नकोस. सांगितलं असशील तर पाय धर आणि शपथ घे.

काल दादा शेतावर गेल्यावर दार लोटून जात्यावर बसले. ओवी धरली. वर जायला गेले की आवाज फाटतो, खाली नुसता वारा. पुन्हा पुन्हा धरली. इतकी वर्षं मनात म्हटलं ते मनातच राहिलं, गळ्यात काही उरलं नाही रे. शेजारची जमनाबाई धावत आत आली, मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "काबर रडी ऱ्हायनी, बाई?"

गात होते, हे सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, पोटात दुखतंय.

जिवाला जप.
तुझी ताई