गुन्हा काय, ते सांगा

५ नोव्हेंबर, बुधवार
कालपर्यंत नातीला, ऋग्वेदाला, शाळेतून मी आणत होते, जेवायला मी घालत होते. आजपासून ती शाळा सुटली की थेट स्टुडंट केअरला, त्या पाळणाघरात! सूनबाई नीलिमा गोड हसून म्हणाल्या, "आई, तुम्हालाही जरा आराम." मागितला होता मी आराम? उन्मेष फोनमध्ये डोकं घालून बसला. माझाच मुलगा!

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी उन्मेषचं ते अमेरिकन फुटबॉल. तिकडे नोकरीला होता तेव्हाची सवय. एरवी मी पाठ करून बसते. आज पाहिलं.
रेफरीने पिवळं फडकं टाकलं. खेळ थांबला. मग तो पुढे आला, कमरेचा माईक चालू केला आणि अख्ख्या स्टेडियमला सांगितलं — कुठली बाजू, कितवा नंबर, काय केलं, किती यार्ड मागे जायचं. लांबच्यांना कळावं म्हणून हाताच्या खुणाही! चौऱ्याहत्तर नंबर मुकाट ऐकत उभा.
म्हटलं, "बघ! ह्याला म्हणतात तोंड असलेला माणूस."
"आई, गेम बघू दे ना."
मला मागे ढकललंत, ते कशासाठी? फडकंसुद्धा दिसलं नाही मला.

११ नोव्हेंबर
नीलिमा पुन्हा हसली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सरळ विचारलं. "माझा गुन्हा काय, ते सांगा!"
"तसं काही नाही हो, आई," नीलिमा म्हणाली.
मग कसं आहे? पोरीला गरम वरणभात मी घालायचा. अभ्यास मी घ्यायचा. डाव्या हाताने जेवते, तिला उजव्याचं वळणही मीच लावायचं — ह्यांना वेळ कुठे आहे! सिंगापूरला, पासिर रिसच्या ह्या फ्लॅटमध्ये मी नऊ वर्षं खपले. आणि उत्तर काय, तर तसं काही नाही!

१६ नोव्हेंबर, रविवार
पुन्हा सामना. पुन्हा फडकं. रेफरीने उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट पकडून दाखवलं — समोरच्याला धरून ठेवल्याची खूण. शेजारी ऋग्वेदाने तस्संच स्वतःचं मनगट पकडलं आणि तिच्या त्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली,
"आजी ऑल्सो डू लाइक दॅट, व्हेन आय ईट. अंटिल आय यूज द अदर हँड."
उन्मेषने टीव्ही बंद केला.
नीलिमा म्हणाली, "त्या मंगळवारी तिच्या मनगटावर तुमची चार बोटं उमटली होती, आई. तुम्हाला तोंडावर कसं सांगू, तेच कळेना."
"धरलं फक्त! मारलं तर नाही!"
"इट पेन लाह, आजी," ऋग्वेदा म्हणाली. रागाने नाही. नुसती माहिती.

१७ नोव्हेंबर, सोमवार
हे डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर भयंकर आलंय. सहा वर्षांची होईपर्यंत मी ह्याच हाताने लिहायचे. मग कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर बर्नाडेटने तो पाठीमागे रिबिनीने बांधला — दोन महिने, रोज. माझा गुन्हा काय, हे तिनेही सांगितलं नव्हतं. आणि बासष्ट वर्षं मी तिला चांगलं म्हणत आले!