डाव्या पायाचा सूड

४ फेब्रुवारी

आणि वर दाजी म्हणतो, त्याने माझा अपमान कधी केलाच नाही. चोराच्या उलट्या बोंबा. आमची जुनी गाडी बाजाराच्या चढावर जराशी मागे आली आणि दूधवाल्याची सायकल आडवी झाली, तेव्हा सगळ्या गल्लीसमोर कोण बोललं होतं, की मेव्हणे, गाडी गियरवर चढते, तोंडावर नाही? ताईचा नवरा म्हणून गप्प बसलो. विसरलो नाही. त्या दिवशी क्लच तापला होता, हे कोणी लक्षातच घेत नाही.

आज ताईचा फोन. जुनी गाडी बसली ती बसलीच, आता नवी बघायची. दाजीचं मत, ऑटोमॅटिकच घ्या. बाबांचा डावा गुडघा गेलाय, क्लच दाबवत नाही. जन्मभर शाळेची मुलं नेली-आणली, आता ती मुलं दुसऱ्याच्या गाडीतून जातात आणि बाबा खिडकीत बसून बघतात, आईवर खेकसतात. हे सगळं ताईने रडवेल्या आवाजात सांगितलं. मला कळलं. गुडघा हे निमित्त आहे. डाव दाजीचा आहे.

५ फेब्रुवारी, सकाळ

ठराव.
एक, रोजनिशीत दाजीला अरेतुरेच करणार. तोंडावर अहोजाहो करावं लागतं तेवढं पुरे.
दोन, पैसे माझे, तर गाडी गियरची. नाहीतर दमडी पाठवणार नाही.
तीन, दाजी कित्येक वर्षं स्वतःची ऑटोमॅटिक चालवून क्लच विसरलाय. सुट्टीवर गेलो की नवी गाडी त्याच चढावर त्याच्या हातात द्यायची. म्हणायचं, दाजी, तुम्ही चालवा ना. आणि आपण दूधवाल्याशेजारी उभं राहायचं.

ताईला ठराव दोन कळवला. ती म्हणाली, मग बाबांचं काय? गुडघ्याला मालिश करा म्हणालो. तिने फोन ठेवला. नेटवर्क गेलं असेल.

९ फेब्रुवारी

इथे आखातात, आमच्या यार्डात, भाड्याच्या गाड्या परत येतात, आम्ही त्या धुतो, आतून झाडतो, पुन्हा रांगेत लावतो. सगळ्या ऑटोमॅटिक. दोन पेडल, लहान मुलाच्या खेळण्यासारख्या. त्या रांगेत लावायला कोणीही पुरतो. कोपऱ्यातली कचऱ्याची पिकअप मात्र गियरची, आणि ती फक्त मला येते. मुकादम मला गियरसाहेब म्हणतो. आदर आहे.

१३ फेब्रुवारी

पिकअप भंगारात गेली. मी पाण्याचा पाइप हातात धरून बघत उभा होतो. क्रेनवाल्याला तिचा दुसरा गियर कुठे अडतो ते सांगितलं. तो म्हणाला, मला उचलायची आहे, चालवायची नाही.

उद्यापासून मलाही रांगेवर घातलंय. हत्तीला पाटावर बसवल्यासारखं. असू दे. डोळे झाकून करीन.

१४ फेब्रुवारी

मुकादम शेजारी बसला, हातात चहा. म्हणाला, धुण्याच्या शेडपर्यंत घे, बघू दे हात. हात माझा लोण्यासारखा. शेडपाशी थांबताना डावा पाय सवयीने क्लचवर गेला, पूर्ण दाबला. तिथे क्लच नव्हता. तिथे ब्रेक होता, आणि चांगला ऐसपैस. चहा काचेवर गेला, त्याच्यामागून मुकादम.

यात माझी चूक काय? पाय शिकलेला आहे, गाडी अडाणी आहे.

मुकादम शर्ट पिळत म्हणाला, गियरसाहेब, उद्यापासून हा पाय खोलीवर ठेवून या.

१७ फेब्रुवारी

पुन्हा तेच. या वेळी मागून येणाऱ्याने ठोकलं, त्याच्या गाडीचा दिवा फुटला. मागच्याने अंतर ठेवायला नको? पण पगार माझा कापणार. मुकादमाचं नावही सुडाच्या यादीत घातलं, दाजीच्या खाली.

१९ फेब्रुवारी

युक्ती सापडली. डावा बूट काढायचा आणि पाय सीटला टेकवून मागे ठेवायचा. अनवाणी पायाला गार लागतं, त्याला लक्षात राहतं की आज आपल्याला सुट्टी आहे. दिवसभर एक धक्का नाही. हे कोणाला सांगणार नाही. घरी तर नाहीच.

२२ फेब्रुवारी, सुट्टी

शोरूम पालथं घातलं. आधी इथे भाव नि मॉडेल बघायचं, मग घरी हुकूम सोडायचा. सेल्सवाल्या मुलीला म्हणालो, गियरची दाखवा. तिने दोनदा विचारलं, नक्की? मग आत जाऊन साहेबांना विचारून आली. एक मॉडेल उरलंय, सगळ्यात खालचं, काचा हाताने फिरवायच्या, तेही मागवावं लागेल, कधी येईल सांगता येत नाही. बंदच होत चाललंय म्हणाली, कोणी घेत नाही. मी तिला क्लचची कला समजावली, अर्धा क्लच, चढावरचा क्लच, हातवारे करून. तिने मान हलवत ऐकलं. म्हणाली, माझे आजोबाही असंच सांगतात.

मला अजून तिशीसुद्धा लागलेली नाही.

पत्रक घेऊन आलो. काचा हाताने फिरवायला लागल्या तर उत्तमच. दाजीचा हातही दुखेल.

२६ फेब्रुवारी

देव आहे. ताईचा फोन. दाजीने बाबांना स्वतःच्या गाडीवर शिकवायला घेतलं होतं. चौकात बाबांनी डाव्या पायाने क्लच दाबला. म्हणजे ब्रेक. दाजीच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

दोनदा विचारलं, लिंबाएवढं? मोठं की लहान लिंबू? ताई म्हणाली, तुला आनंद झालाय का? मी म्हणालो, छे, काळजी वाटते.

आई बर्फाची पिशवी घेऊन जावयाच्या मागे फिरतेय म्हणे. बाबांनी गाडीचं नाव टाकलंय. जेवायलाही दाजीसमोर बसत नाहीत. झालं. आपसूक झालं. आता फक्त ठाम राहायचं. गियरची, नाहीतर काही नाही.

२७ फेब्रुवारी, दुपार

बाबांनी स्वतः फोन केला. त्यांनी आजवर कधी केला नव्हता, आई लावून द्यायची. आवाज बारीक. दाजी पलीकडच्या खोलीत होता. म्हणाले, पाय ऐकत नाही रे. जावयाचं डोकं फुटता फुटता वाचलं. पुन्हा शिकवतो म्हणतोय, पण त्याला विचारायची लाज वाटते. तू तर रोज ह्याच गाड्या चालवतोस. तुझा पाय कसा वळला?

हीच वेळ होती. ठराव दोन तयार होता, पत्रक खिशात होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, बाबा, डावा बूट काढा. पाय मागे सीटला टेकवा.

ते म्हणाले, तुझाही जात होता होय? मी म्हणालो, इथे एकाचा जायचा. ते हसले. किती दिवसांनी ऐकलं.

हे मी धोरण म्हणून केलं. शत्रूला गाफील ठेवायचं असतं.

२ मार्च

बाबांनी दाजींची गाडी बाजाराच्या चढावर नेली. मध्ये थांबवली, पुन्हा उचलली. तसूभर मागे आली नाही. दूधवाल्याने सायकल आधीच आत घेतली होती, त्याला वाटलं मी आलोय. डावा बूट आई मांडीवर घेऊन बसली होती. शाळेपुढच्या बायकांनी विचारलंसुद्धा, कधीपासून येताय?

आणि दाजी टेंगूळ मिरवत सगळ्या गल्लीला सांगत सुटलेत, की ही बुटाची युक्ती आमच्या मेव्हण्याची, तो तिकडे रोज डझनावारी चालवतो, हातखंडा आहे त्याचा. असा माणूस. सूड घ्यायला जागाच ठेवत नाही.

बुकिंग उद्या, ऑटोमॅटिकचं. मी म्हणालो, निदान रंग तरी माझा, काळा. ताई म्हणाली, काळा शिल्लक नाही, पांढरा सांगितलाय.

सकाळी पैसे टाकणार. फुटलेल्या दिव्याचे कापून उरलेले सगळे, आणि दाजींच्या मलमाचे वर दहा. दोन हजार आठशे सत्तर दिरहम.