तेराव्या व्हॉल्व्हचा खुलासा

आदरणीय व्याहीबुवांना, नाल्याच्या अलीकडून दोन्ही हात जोडून नमस्कार.

आपली, विहीणबाईंची, जावईबापूंची आणि नातवाची तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. नसती तर आमच्या लेकीनं कळवलं असतं. तिनं कळवलं नाही म्हणजे एक तर सगळं ठीक आहे, नाहीतर तुम्ही सगळे मिळून काहीतरी लपवताय, आणि या दुसऱ्या शक्यतेनं माझी झोप उडते. विहीणबाईंच्या दाढेचं काय झालं? आमच्याकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे माझा डावा गुडघा आणि आमच्या हिचा स्वभाव सोडून. माझं शिक्षण चौथीपर्यंत (चौथीत दोनदा बसलो, म्हणून पाचवीच्या बरोबरीचं धरायला हरकत नाही), तेव्हा लिहिण्यात कमी-जास्त झालं तर पोटात घाला. आपण मुलाकडचे, मी मुलीकडचा. आपल्यावर रागावण्याची माझी प्राज्ञा नाही. मी रागावलो आहे तो दोन गावांच्या त्या संयुक्त समितीवर, आणि तिच्यात आपण तिसऱ्या खुर्चीवर बसता हा निव्वळ योगायोग समजावा.

ही समिती निघालीच कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. चाळीस वर्षं आपली दोन गावं मधल्या नाल्यावरून एकमेकांना नोटिसा पाठवत सुखानं नांदत होती. नाला तुंबला की तो समोरच्यांचा आणि साफ झाला की आपला, हे दोन्ही नगरपालिकांच्या कारकुनांना पाठ होतं. आता म्हणे सहकार्य! कचऱ्याची गाडी दोघांत एक. आगीचा बंब दोघांत एक (बंब आमच्याकडे उभा असतो आणि ड्रायव्हर तुमच्याकडे राहतो, त्यामुळे आग लागायचीच असेल तर तिनं अर्धा तास आधी कळवावं). वर्तमानपत्र सकाळी तुमच्या वाचनालयात, दुपारी आमच्या. म्हणजे आमच्या वाट्याला शब्दकोडं नेहमी सोडवलेलं येतं, आणि तेही चुकीचं. उद्घाटनाला दोन्ही नगराध्यक्षांनी एकच फीत दोन कात्र्यांनी दोन टोकांना कापली, मधला तुकडा नाल्यात पडला, आणि तो कोणी काढायचा यावर पहिली बैठक झाली. मी एका शब्दानं बोललो नाही. पण मग समितीचा हात पाण्याला लागला, आणि पाण्याच्या बाबतीत गप्प बसणं मला जमणार नाही.

एकतीस वर्षं मी आमच्या नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होतो. कोणत्या आळीला किती वाजता पाणी सोडायचं, कोणता व्हॉल्व्ह उजवीकडे उघडतो आणि कोणता हट्टी डावीकडे, कोणाला बारा आटे द्यायचे आणि कोणाला साडेअकरा, हे सगळं माझ्या डोक्यात. कागदावर एक रेघ नाही. साहेब लोक आले, गेले, प्रत्येकानं नकाशा मागितला आणि प्रत्येकाला मी म्हणालो, काढतोय. अशी एकतीस वर्षं गेली. निरोपाच्या दिवशी नारळाऐवजी भिंतीवरचं घड्याळ मिळालं (बंद आहे). मी मात्र माझी चावी घरी आणली. छातीएवढी लोखंडी दांडी, वर आडवी मूठ. आता संयुक्त पाणी योजनेला दोन्ही गावांचा मिळून एक नकाशा हवा, म्हणून समितीनं एक इंजिनिअर बाई नेमल्या. काल, मंगळवारी सकाळी त्या आमच्या दारात. पाठीवर पिशवी, कानाला यंत्र. ते यंत्र जमिनीला लावलं की पाणी कुठून वाहतंय ते ऐकू येतं म्हणे. मला म्हणाल्या, "काका, तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही." इतक्या वर्षांत हे मला एकाही साहेबानं सांगितलं नव्हतं. मी लगेच चपला घातल्या. आमची ही आतून ओरडली, "अहो, गुडघा!" पण गुडघ्याला कोण विचारतो.

बारा व्हॉल्व्ह मी दाखवले. तेरावा दाखवणार नव्हतो. तो तेरावा कोणता, हे आपल्याला सांगायला नकोच, पण पत्र कुणा तिसऱ्याच्या हाती पडलं तर त्यालाही माझी बाजू कळावी म्हणून लिहितो. बावीस वर्षांपूर्वी आमची लेक तुमच्या घरी आली. तुमची गल्ली तुमच्या गावाच्या अगदी टोकाला, चढावर. तुमच्या टाकीचं पाणी तिथवर पोचायच्या आधीच दम टाकायचं. पहिल्या महिन्यात तिचं पत्र आलं: सगळी माणसं फार चांगली आहेत, काळजी करू नका, पाण्याला सात घागरी घेऊन रांगेत उभी असते तेव्हा शेजारणींची ओळखही झाली. ते वाचून आमची ही दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी नाल्याकाठच्या जुन्या वजनकाट्याच्या भिंतीमागे खड्डा घेतला, आमच्या लाइनला एक फाटा काढला आणि नाल्यातल्या जुन्या नळकांड्यातून तो पलीकडे तुमच्या गल्लीच्या नळाला नेऊन जोडला. भर दुपारी. बांबूला लाल कापड बांधलं होतं. लाल कापड दिसलं की लोक विचारत नाहीत, वळसा घालतात. (तुमच्या नगरपालिकेचे तेव्हाचे साहेब तर वळसा घालून मला "चालू द्या" असं म्हणाले.) तुमच्या अकरा घरांना पाणी आलं, ते आपल्या खटपटीनं आलं असं गल्लीनं मानलं, आणि आपण नगरसेवक झालात. मी कधी चकार शब्द काढला नाही, आताही काढत नाही, फक्त लिहितो आहे.

तेव्हापासून रोज सकाळी मी वजनकाट्यामागे जातो, तेरावा व्हॉल्व्ह उघडतो आणि भिंतीआडून नाल्याच्या काठावर येऊन उभा राहतो. सहा वाजून दहा मिनिटांनी लेक तुमच्या मागच्या अंगणात येते आणि पातेल्यावर पळी आपटते. एकदा वाजलं तर पाणी नाही, दोनदा वाजलं तर आलं. मी हात वर करतो, ती हात वर करते, ती आत जाते. चाळीस मिनिटांनी व्हॉल्व्ह बंद करून मी घरी. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी कालपर्यंत एक दिवस खंड नव्हता. चावीला मी छत्रीचं जुनं कापड शिवून घातलंय. रस्त्यात शिंपी विचारतो, "काका, काठी फार जड दिसते?" मी म्हणतो, गुडघा त्याहून जड आहे. पुलावरून तुमच्याकडे यायला दोन बस लागतात, आणि रोज उठून व्याह्यांच्या दारात जाऊन बसणं बरंही दिसत नाही. नाल्यावरून ते प्रश्न येत नाहीत. आणि माझ्या हाताचं काम पाहा: पातेलं आजवर कधीही एकदाच वाजून थांबलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी आमचा मुख्य नळ फुटला, आख्ख्या गावाला दोन दिवस थेंब नव्हता, तेव्हासुद्धा तुमच्याकडे दोनदा वाजलं! अशी लाइन आज कोणी टाकून दाखवावी.

तर मंगळवारी, बारा व्हॉल्व्ह झाल्यावर, बाईंनी यंत्र लावत लावत स्वतःच तेराव्याचं झाकण शोधलं. समितीचा मुकादम वही घेऊन शेजारी उभा. बाईंनी विचारलं, "काका, ही लाइन कुठे जाते?" मी म्हणालो, कुठेच नाही. त्या गुडघ्यावर बसल्या, यंत्र लावलं, इकडे ऐकलं, नाल्याच्या काठावर जाऊन ऐकलं, आणि म्हणाल्या, "बरोबर. कुठेच जात नाही. आतून गंजून बंद झालीय. पाच-सहा वर्षं तरी थेंब गेला नसेल."

व्याहीबुवा, मी खोटं बोललो, त्यांनी ते खरं मानलं, आणि भडकलो मी! म्हटलं, "जाते कशी नाही? रोज सकाळी सहा-दहाला जाते!" मुकादम म्हणाला, "कुणाकडे जाते हो?" मी म्हणालो, "पलीकडे, अकरा घरांना, मी स्वतः जोडलीय, बावीस वर्षं सोडतोय." त्यानं सगळं वहीत उतरवलं. बाईंनी यंत्र पुन्हा जमिनीला लावलं, मग हळूच म्हणाल्या, "काका, यंत्राला काहीच ऐकू येत नाही." मी म्हणालो, मग यंत्राच्या कानातला मळ काढा. त्यावर मुकादम हसला. तो हसला ते मला फार लागलं.

नंतर माझी चावी काढून घेतली. समितीच्या कचेरीत काचेचं कपाट आहे, त्यात तुमच्याकडची जुनी घंटा आणि आमच्याकडची माझी चावी, खाली चिठ्ठी: 'कालबाह्य साधने'. त्याच दिवशी सकाळी वापरलेली चावी कालबाह्य कशी? आज बुधवार; सकाळी मी रागानं अंथरुणातून उठलोच नाही. आमची ही म्हणाली, "चोरी पकडली गेली म्हणून घाबरलात." तिला बावीस वर्षांत काही कळलेलं नाही. चोर म्हणा, मी सही करून देतो. परवानगी नव्हती, कागद नव्हता, दुसऱ्या गावाला पाणी दिलं, सगळं कबूल. पण चोरलेलं पाणी माझ्या लेकीपर्यंत पोचलंच नाही, असं जर कुणी त्या नकाशावर लिहिणार असेल, तर ते मी खपवून घेणार नाही. आणि दोन गावांचं सहकार्य आत्ता सुरू झालं असं फलकावर लिहिणाऱ्यांनी आधी वजनकाट्यामागे येऊन पाहावं.

विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, नातवाला सायकल जपून चालव म्हणावं. पत्र संयुक्त कचरागाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो. गाडी गुरुवारी आठला इकडून निघते. (तुमच्या सहकार्याचा हा एक उपयोग मान्य करतो. वास आला तर क्षमस्व.)

आपला नम्र,
पलीकडचा व्याही

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. शुक्रवारी समितीपुढे माझा खुलासा आहे, आणि तेरावी लाइन चालू की बंद याचा निकाल तिथे लागणार. बंद ठरली तर वजनकाट्यामागे भराव घालून कुंपण करणार आहेत. हात जोडून विनंती की आपण तिसऱ्या खुर्चीवरून उठावं आणि सर्वांसमक्ष सांगावं, "माझ्या घरी बावीस वर्षं याच लाइनचं पाणी येतं." असं म्हटल्यानं आपण पाणीचोरीत सामील ठरता आणि नगरसेवकपद जाऊ शकतं, हे मी जाणून आहे. पण व्याह्यांनी व्याह्यांसाठी एवढं करू नये तर कोणी करावं?

ता. क. दुसरा, गुरुवार, सकाळचे सात. आज पाय आपोआप वजनकाट्याकडे वळले. चावी नाही, म्हणून हातात साधी छत्री घेतली. झाकणाजवळ गेलोच नाही. नुसता काठावर उभा राहिलो. वाटलं, आज पातेलं एकदा वाजणार, आणि मग यंत्र खोटं ठरणार. सहा वाजून दहा मिनिटांनी लेक अंगणात आली. दोनदा वाजवलं. हात वर केला. मीही केला.

व्याहीबुवा, चौथी शिकलेल्या माणसालाही एवढं गणित येतं. मुख्य नळ फुटला होता तेव्हाही दोनदा वाजलं होतं, ते आज नीट ध्यानात आलं. तुमच्या नव्या टाकीला सहा-सात वर्षं झाली, नाही का? आणि रोज सकाळी घरात पातेलं बडवतात ते आपल्याला आणि विहीणबाईंना ऐकू येत नसेल, असं मी तरी म्हणणार नाही.

तेव्हा शुक्रवारी उठू नका. खुर्चीवर बसून राहा. यंत्र बरोबर आहे, बाईंची मी माफी मागेन. नकाशावर बंद लाइन दाखवायला त्या तुटक रेघ काढतात म्हणे, तशी काढू द्या. फक्त कुंपण घालाल तर नाल्याच्या काठावर एक माणूस उभा राहील एवढी जागा सोडा. आणि मला कळलं, हे लेकीला कळू देऊ नका. उद्या सहा-दहाला मी येणार आहे. गुडघ्याला चालणं बरं असतं.