आठी सिस्टरची अकरा मिनिटं

ती. वन्संना,

उजव्या पायाचा साष्टांग नमस्कार. डावा प्लास्टरमध्ये आहे, तो सुटला की त्याचाही पोचता करीन. तुमचा गुडघा कसा आहे? जपून राहा, असं मी सांगणं म्हणजे कमालच, कारण मी दवाखान्यात पोचले ती स्टुलावरून. वरच्या फळीवरचं जाडजूड पुस्तक काढायला गेले. पुस्तक खाली आलं आणि पाठोपाठ मीही. (पुस्तक सुखरूप आहे, इथे उशाशीच.)

ते पुस्तक कामाच्या मोजमापाचं. कुणाचंही काम मोजल्याशिवाय त्याला बरं-वाईट म्हणू नये, असं त्यात आहे. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे छापलेलं मी जरा जास्तच मनावर घेते. (तुमचे भाऊ म्हणायचे, हिच्या हाती औषधाची चिठ्ठी दिली तरी ही शेवटपर्यंत वाचून मत देईल.) त्यात इथे दुसऱ्याच दिवशी प्रत्येक खाटेवर फॉर्म आला: नर्स बोलावल्यावर किती वेळात येतात, हसतमुख आहेत का, वगैरे. आमच्या वॉर्डातली सकाळची सिस्टर दोन वर्षं हंगामी आहे. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे या फॉर्मांवरून शुक्रवारच्या बैठकीत ठरणार. तिच्या कपाळावर सदा आठी, म्हणून आम्ही पेशंट तिला आठी सिस्टर म्हणतो.

मी कामाला लागले. घंटा वाजवायची, वेळ टिपायची, ती आली की पुन्हा टिपायची. एका सकाळी नऊ वेळा वाजवली. उशी वर घ्या, उशी खाली घ्या, उशी होती तिथेच ठेवा. ती दर वेळी आली, आठीसकट. सरासरी निघाली अकरा मिनिटं. ‘अकरा मिनिटं. हसू आढळलं नाही,’ असं ठसठशीत लिहून मी फॉर्म पेटीत टाकला आणि स्वतःवरच खूश झाले.

पुस्तकातला पुढचा धडा, काम कशामुळे अडतं, हा होता. (तो आधी वाचायला हवा होता.) म्हणून बघत राहिले. वन्सं, सव्वीस खाटांना दोघीच सिस्टर, तिसरीची जागा रिकामी. रक्तदाबाचं यंत्र दोन वॉर्डांत मिळून एक. ही ते आणायला वर जाते, तोवर ते दुसऱ्या जिन्याने खाली आलेलं असतं. चादरींच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, तो चहाला; तो जागेवर असला तर कपाटात चादरी नसतात. एकच नोंद तीन वह्यांत करायची, आणि कँटीन कुठे आहे हे नातेवाइकांना सांगायचं तेही हिनेच. एवढं सगळं मी समोरच्या खाटेवरच्या शिक्षिकाबाईंना ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “आणि सात नंबरची घंटा.”

सात नंबर म्हणजे मी. माझी उशी हलवायला ती कुणाचं तरी ड्रेसिंग अर्धवट सोडून आली होती म्हणे. मी त्याच उशीत तोंड खुपसलं. दुसरा फॉर्म मागितला, तर एका खाटेला एकच मिळतो.

बाकी सर्व ठीक. औषध वेळेवर घ्या.

तुमची,
भावजय

ता. क. अकरा मिनिटांचं एक राहिलं. घंटा वाजवताना मी पडल्या पडल्या भिंतीवरचं घड्याळ बघायचे. ती आली की मला उठवून बसवायची, भिंतीकडे पाठ व्हायची, मग उशाचं मनगटी घड्याळ बघायचे. ते तुमच्या भावाचं. कुठे उशीर नको म्हणून ते दहा मिनिटं पुढे ठेवायचे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तीन वर्षं मी त्याला नुसती किल्ली देते. काल नाडी बघताना तिच्याच लक्षात आलं. म्हणाली, “आजी, हे दहा मिनिटं पुढे आहे. मागे करून देऊ?” मी म्हटलं, “राहू दे.” तिने का ते विचारलं नाही. किल्ली दिली आणि होतं तिथे ठेवलं.

ता. क. दुसरा. शुक्रवारच्या बैठकीत इथल्या जुन्या मेट्रन म्हणून तुम्ही बसता ना? सात नंबरचा फॉर्म आला की अकरातून दहा वजा करा, आणि का ते सगळ्यांना सांगा. माझी लाज राखू नका. हसू आढळलं नाही हे मात्र खोडू नका, ते खरंच आहे. ते हवं असेल तर आधी तिसरी सिस्टर द्या, म्हणावं.

ता. क. तिसरा. हे लिहिताना ती आली. मी बोलावलं नव्हतं. कपाळाला हात लावून म्हणाली, “आजी, बरं वाटत नाही का? सकाळपासून घंटा नाही.”

वेळ टिपली नाही.